थंडी पडते कोठून?

मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून अनेकांच्या परिचयाच्या झालेल्या नवेगाव बांधला डिसेंबरात गेलेल्या प्रवाशाला एक अनुभव हमखास येतो. दुपारी अंगावर नकोसा झालेला स्वेटर सूर्य मावळताच अर्ध्या तासात हवासा वाटू लागतो. ‘थंडी पडली’ असे आपण म्हणतो. बोलण्यात ते ठीक आहे; परंतु थंडी नावाची वस्तू वरून खाली पडत नाही. उलट, जमिनीतील उष्णता वर निघून जाते.

सूर्यकिरण हवेला फारसे न तापविता जमिनीपर्यंत पोहोचतात. जमीन तापते आणि तिच्या सान्निध्याने हवा तापते. जमीन मात्र अदृश्य अशा अवरक्त किरणांच्या रूपाने अहोरात्र उष्णता खर्च करीतच असते. सूर्यास्ताबरोबर जमा थांबते, खर्च थांबत नाही. उगवता सूर्य हा खर्च भरून काढू लागेपर्यंत शिल्लक घटतच राहते. म्हणून सर्वांत कडक थंडी मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास असते. वयोवृद्धांनी हिवाळ्यात ऊन पडल्यावरच फिरावयास निघावे, हे उत्तम.

आकाशात ढग असतील किंवा हवेत बाष्प भरपूर असेल, तर यातील बरीच उष्णता शोषली जाऊन काही अंशी जमिनीकडे परत येते. श्रावणातल्या रात्री त्यामुळे फारशा गार होत नाहीत. हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी. त्यात उत्तरेचे वारे. मग गोंदियाचा पारा दहा अंशांखाली जातो. निरभ्र आकाश किती उष्णता ओढून नेते, याचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. अलाहाबादेस मातीच्या उथळ भांड्यांत पाणी भरून ती रात्री उघड्यावर ठेवीत आणि पहाटे त्यातून बर्फ काढीत. तेही हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असताना! उघड्यावर निजणाऱ्याला साधे गवताचे छप्परही ऊब देते, ते याच कारणाने. ते वारा तर अडवतेच, शिवाय त्याच्या आणि आकाशाच्या मध्ये येते.

नवेगावचा तलाव मात्र उष्णता सहजासहजी सोडत नाही. समान वजनाच्या कोरड्या मातीच्या तुलनेत पाण्याला एक अंश तापण्यासाठी सुमारे पाचपट उष्णता लागते आणि निवतानाही ते तितकीच सोडते. शिवाय पृष्ठभागावरचे निवलेले पाणी जड होऊन खाली जाते व त्याची जागा खालचे उबदार पाणी घेते. पहाटे तलावावर धूर निघाल्यासारखे दिसते ते धुके असते. कोमट पाण्याची वाफ वरच्या गार हवेत निवून सूक्ष्म थेंब बनलेली असते.

या परिसरातील शेतकऱ्यासाठी हा विषय नुसत्या कुतूहलाचा नाही. उन्हाळी धानाचे पऱ्हे ऐन थंडीत टाकावे लागतात आणि रात्रीच्या गारठ्याने ते पिवळे पडून वाढ खुंटते. पऱ्हे बिघडले तर रोवणी लांबते, बियाण्याचा पैसा जातो. यावर एक जुनाच उपाय आहे. संध्याकाळी बांधीत पाणी भरावयाचे, म्हणजे रात्रभर ते आपली उष्णता सावकाश सोडीत रोपांची मुळे सांभाळते. सकाळी ते निवलेले पाणी काढून टाकावयाचे आणि माती उन्हात तापू द्यावयाची. संध्याकाळ झाली की पुन्हा पाणी.