नशीब नव्हे, कारण शोधा

ऑक्टोपसच्या बहुतेक जातींत मादी अंडी घातली की खाणे सोडते, अंड्यांची राखण करते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. कोणी म्हणेल, तिचे नशीब! पण तिच्या डोळ्यांमागे दोन बारीक ग्रंथी असतात. मेंदूकडून येणाऱ्या नसा त्यांना आवरून धरतात. तो लगाम सुटला की ग्रंथींच्या रसाने अंडाशय वाढते, हे वेल्स दांपत्याने १९५९ साली दाखवले. त्या नसांत निरोप पोचवणारी रसायने, म्हणजे न्यूरोपेप्टाइड, पुढे सापडली. १९७७ साली वोडिन्स्की यांनी अंडी घातलेल्या माद्यांच्या या ग्रंथी काढल्या. त्या माद्यांनी राखण सोडली, त्या पुन्हा खाऊ लागल्या, जास्त जगल्या. नशीब बदलले नाही, कारण दूर झाले!

आपल्या शरीरातही मेंदूच गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला हुकूम देतो. तो मेळ बिघडला की माणूस सुकतो किंवा सुजतो, चिडतो, उदास होतो. अशा वेळी घरातल्या लेकी-सुनेला 'बाहेरचं झालं' म्हणून देवऋषाकडे नेऊ नका. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. कारणाशिवाय काही घडत नाही, हीच तथागतांची शिकवण आहे.

जयभीम!