सांखळी-करवत

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें रायगडांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हां वाटेंतलीं झाडें हलविण्यास सांखळी-करवत फार कामीं आली. असें यंत्र ज्यांच्या पडवींत आहे, त्यांच्याकरितां हे चार शब्द.

या करवतीचें मर्म इंजिनापेक्षां दांत्यांत आहे. पात्याच्या खांचेंतून सांखळी धांवते. दांत्यापुढील बुटकें टोंक, दांता लांकडांत किती शिरावा हें ठरवितें. ही वांकडी घडण ओरेगॉनच्या जो कॉक्स या लांकूडतोड्यानें १९४६ सालीं लांकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यावरून उचलली. अळीस गुरु करणारा हा गृहस्थ आम्हांस मोठा वाटतो!

खरें भय पात्याच्या टोंकाच्या वरच्या भागाचें. तो चालतां चालतां लांकडास टेकला कीं पातें निमिषांत उसळून चालविणाराच्या तोंडाकडे येतें. यासाठींच पुढच्या मुठीसमोर रोधक असतो; तो कामापूर्वीं रोज तपासावा. यंत्र दोन्ही हातांनीं, आंगठे मुठींभोंवतीं वळवून धरावें. खांद्याच्या वर उचलून किंवा शिडीवर चढून कापूं नये. घरांतील उत्साही तरुणांस हें मुद्दाम बजावावें.

धारदार सांखळीपेक्षां बोथट सांखळी अधिक घातक, कारण मग मनुष्य जोर लावतो. कपच्यांऐवजीं बारीक भुसा पडूं लागला कीं इंजिन बंद करून गोल कानस घ्यावी व प्रत्येक दांत्यावर सारखेच हात मारावे. सांखळी पात्यास खालून चिकटलेली असावी, पण हातमोजा घालून ओढतां सहज फिरावी. सांखळीचें तेल इंधनांतील तेलाहून निराळें असतें. इंधन मात्र थंड इंजिनांतच भरावें आणि तेथून दहा पावलें दूर जाऊन यंत्र सुरू करावें.