क्षयरोगाच्या फायलीतील विसरलेली डाळ

जागतिक उद्दिष्टाच्या पाच वर्षे आधी, म्हणजे २०२५ पर्यंत, भारत क्षयरोगमुक्त करण्याचा संकल्प मार्च २०१८ मध्ये दिल्लीत जाहीर झाला. ती मुदत आता उलटली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले. ही २१ टक्क्यांची घट जागतिक सरासरीहून सरस आहे. पण उद्दिष्ट ८० टक्के घटीचे होते. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी एक आजही भारतीय आहे. निदानाची यंत्रे वाढली, औषधे मोफत झाली, नोंदणी संगणकावर आली. मग उणे काय राहिले?

याचे एक उत्तर झारखंडमधून आले आहे. तेथील चार जिल्ह्यांत ऑगस्ट २०१९ पासून तीन वर्षे ‘रेशन्स’ नावाची चाचणी झाली. मंगळुरूचे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखालील या संशोधनाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पाठबळ होते. निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे तीत सहभागी होती. बहुसंख्य कुटुंबे संथाळ, हो, मुंडा, उरांव अशा आदिवासी समाजांतील होती. शिधा सर्वच रुग्णांना मिळाला. घरच्यांच्या बाबतीत मात्र सोडत पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटात प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटातील घरच्यांना हा शिधा नव्हता.

शिधा न मिळालेल्या गटात २.६ टक्के लोकांना पुढे क्षय झाला. शिधा मिळालेल्या गटात १.७ टक्के लोकांना. गणिती समायोजनानंतर ही घट ३९ टक्के ठरते, आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयापुरती ४८ टक्के. क्षयाचा जंतू असंख्य भारतीयांच्या शरीरात निद्रिस्त असतो. कुपोषणाने प्रतिकारशक्ती ढासळली की तो जागा होतो. तीस घरांना शिधा दिला तर एक रुग्ण टळतो, असा संशोधकांचा हिशेब आहे.

रुग्णांविषयीचा निष्कर्षही तितकाच बोलका आहे. दर पाच रुग्णांपैकी चार उपचाराच्या आरंभीच कुपोषित होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

क्षय आणि उपासमार यांचे नाते आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. मग धोरणातून अन्न निसटले कसे? याचे मूळ १९५० च्या दशकातील मद्रासमध्ये आहे. भोर समितीने १९४६ मध्ये देशात सुमारे २५ लाख क्षयरुग्ण असल्याचा अंदाज मांडला होता. त्या मानाने आरोग्यधामांतील खाटा नगण्य होत्या. अशा वेळी मद्रासच्या क्षयरोग केंद्राने आरोग्यधामातील आणि घरी राहून औषध घेणाऱ्या रुग्णांची तुलना केली. घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, तरी बरे होण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाचा उपचार घरी होऊ लागला. गरीब देशांवर त्या संशोधनाचे मोठे उपकार आहेत.

तथापि त्या अभ्यासाचा प्रश्न मर्यादित होता: परिणामकारक औषध हाती असताना चांगल्या आहारावाचून रुग्ण बरा होतो काय? पुरेशा अन्नाने घरातील इतरांचा आजार टळतो काय, हे तेथे विचारलेच गेले नव्हते. पुढील काळात मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचेही मानले गेले. प्रशासनात मी अनेकदा पाहिले आहे की जुन्या अहवालाचा सारांशच फायलीत पुढे सरकतो; त्याच्या मर्यादा मूळ कागदावरच राहतात.

चूक उमगल्याची चिन्हे आहेत. निक्षय पोषण योजनेतील मासिक साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाले. निक्षय मित्र उपक्रमात देणगीदारांच्या शिध्याची व्याप्ती रुग्णांच्या कुटुंबीयांपर्यंत वाढवण्यात आली. पण रोख रक्कम रुग्णाच्या खात्यात जाते, आणि देणगीदाराचा शिधा त्याच्या इच्छेवर अवलंबून असतो. जिथे उद्योग आणि दाते आहेत तिथे तो पोहोचेल. जिथे क्षय सर्वाधिक आहे तिथे पोहोचेलच असे नाही. झारखंडने सिद्ध केले ते नियमित, मोजलेल्या अन्नाचे मोल, दातृत्वाचे नव्हे.

अन्न सुरक्षा कायद्याखाली सुमारे ८० कोटी लोकांना महिन्याला पाच किलो धान्य मिळते. त्या शिध्यात डाळ नाही. म्हणजे रुग्णाच्या कुटुंबासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. उपचाराच्या सहा महिन्यांपुरती धान्यात वाढ करून डाळ जोडावी लागेल. रुग्णांची यादी आरोग्य खात्याकडे आहे, दुकाने अन्न खात्याकडे. दोघांना जोडणारा आदेश एवढीच उणीव आहे. मात्र या जोडणीत एक काळजी घ्यावी लागेल. गावात क्षयाचा कलंक अजून ओसरलेला नाही. रेशन दुकानाच्या रांगेत कुणाचा आजार उघड होणार असेल, तर लोक शिधाच नाकारतील. म्हणून जादा शिध्याचे कारण दुकानदाराला कळता कामा नये.

या संशोधनालाही मर्यादा आहेत. ते एकाच राज्यातील आहे. वजनवाढ आणि मृत्यू यांचा संबंध निरीक्षणातून आलेला आहे. वजन वाढल्यामुळेच मृत्यू टळले, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. रोख रकमेने हाच परिणाम साधेल काय, हे तेथे तपासलेले नाही. म्हणून दोन-तीन राज्यांत ही योजना मोजमापासह राबवावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत. मद्रासचा अहवाल आपण त्याच्या मर्यादा विसरून वाचला. झारखंडचा अहवाल मर्यादांसह वाचावा. पण त्या मर्यादांच्या आड दडून तो बाजूला ठेवू नये.