झोपडपट्टीतलं गिऱ्हाईक आपण मोजलंच नाही

टोमॅटोचा भाव पडला की कॅरेटच्या कॅरेट रस्त्याकडेला ओतलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. काहींनी स्वतः ओतली आहेत. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं निघत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं करणार काय? पण त्याच संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत काय चाललेलं असतं, याचा विचार आपण करत नाही. धुणीभांडी करून परतलेली बाई हातगाडीपुढं उभी असते. सुकलेली मेथी, दबलेले टोमॅटो, त्यातला एखादा वाटा उचलते, नाही तर कांदा-बटाट्यावर भागवते. इकडं माल मातीत जातो आणि तिकडं ताटात भाजी नाही.

हे गिऱ्हाईक थोडंथोडकं नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतल्या दर शंभर कुटुंबांपैकी सुमारे ४१ कुटुंबं झोपडपट्टीत राहणारी निघाली. त्यात १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलेली आपलीच माणसं आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलं की, माणसाच्या रोजच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. पाच माणसांच्या घराला म्हणजे दोन किलो. पाव किलोत आमटी भागवणाऱ्या घरात ते कुठून यायचं?

पैसा मुरतो कुठं?

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार गिऱ्हाइकाच्या रुपयातले टोमॅटो पिकवणाऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांदावाल्याला ३६ आणि बटाटेवाल्याला ३७ पैसे मिळतात. बाकीचे वाहतूक, हमाली, तोलाई, आडत, नासाडी आणि मधल्या हातांचा नफा यांत जातात. हे सगळेच चोर आहेत असं नाही. माल फुटतो, सुकतो, रात्रभर गाडीत हिंदकळतो. पण हात जेवढे जास्त, तेवढा वेळ जास्त, आणि वेळ जास्त की माल शिळा.

कायद्याची आडकाठी आता फारशी राहिलेली नाही. जुलै २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. त्याच वर्षी पणन मंडळानं संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडी बाजारांची मोहीम हाती घेतली. ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या आवारातही असा बाजार भरला. २०२० च्या टाळेबंदीत तर कितीतरी गटांनी थेट शहरात माल विकला. पण आठवून बघा, तेव्हा आपली गाडी कुठं थांबली? सोसायटीच्या फाटकावर. झोपडपट्टीच्या तोंडाशी थांबलेल्या गाड्या किती?

कारणं साधी आहेत. बोळात टेम्पो जात नाही. रविवारी सकाळी पाच किलोची पिशवी घ्यायला मजुराच्या हातात एकदम पैसा नसतो. रोजची मजुरी संध्याकाळी मिळते आणि घरी फ्रीज नसला की भाजी रोजची रोज लागते. शिवाय अडचणीला उधारी लागते, ती ओळखीची भाजीवालीच देते.

भाजीवालीला धरून चला

म्हणून मधली सगळी माणसं काढून टाका, हा सरसकट सल्ला इथं चालणार नाही. हातगाडीवालीला काढलं तर भाजी त्या बोळात पोचणारच नाही. काढायचे ते गाव आणि हातगाडी यांच्यामधले दोन-तीन हात. धरून चालू की टोमॅटो वस्तीत ३० रुपये किलो आहे आणि तुमच्या पदरात १० पडतात. गटानं तो भाजीवालीला २० नं दिला, त्यातले ६ वाहतूक आणि नासाडीला गेले, तर तुम्हाला १४ उरतात. तिनं २६ नं विकला तरी तिला ६ सुटतात. गिऱ्हाइकाचे ४ वाचतात, आणि माल सकाळी तोडलेला संध्याकाळी चुलीवर. आकडे मालागणिक बदलतील, हिशेबाची रीत हीच.

दुसऱ्या राज्यांनी हे पाऊल आधी उचललं आहे. आंध्रात जानेवारी १९९९ मध्ये रयतू बाजार निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तामिळनाडूनं मदुराईत पहिली उळवर संदै सुरू केली. शेतकऱ्याला ओळखपत्र आणि बसायला जागा मिळाली. आपल्याकडं बाजाराचा दिवस ठरला, पण वस्तीतली कायमची जागा ठरली नाही.

जागा हाच खरा अडथळा आहे. अतिक्रमणाची गाडी आली की हातगाडी, काटा आणि माल एकदमच जातो, आणि व्याजानं काढलेले पैसे तिच्या डोक्यावर राहतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरानं विक्रेत्यांची पाहणी करायची, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे घ्यायचे आणि पाहणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. ही अंमलबजावणी आपल्या विक्रीशी जोडलेली आहे, हे शेतकरी संघटनांनीही ओळखायला हवं.

मग गावानं काय करावं? एकट्यानं टेम्पो भरू नका, भाडंच खाऊन जाईल. दहा-पंधरा जणांनी मिळून मेथी, वांगी, टोमॅटो, मिरची असा मिसळ माल भरा. पहिल्या महिन्यात एकच वस्ती आणि पाच-सहा भाजीवाल्या धरा. उधारी किती द्यायची आणि उरलेल्या मालाचं काय करायचं, हे आधीच बोलून घ्या. टेम्पो दुपारी चारपर्यंत पोचला पाहिजे. सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांनी गटाची नोंदणी, पीकपेऱ्याचे दाखले आणि महापालिकेशी पत्रव्यवहार एवढं अंगावर घ्यावं.

सगळा माल असा खपणार नाही, बाजार समिती लागणारच. पण दहा कॅरेटांतली दोन जरी या वाटेनं गेली, तरी आडत्याच्या पट्टीकडं बघत बसण्याची लाचारी तेवढी कमी होईल. गावाकडून गेलेल्या त्या बाईच्या पोरांच्या ताटातही हिरवं काही पडेल.