समुद्राच्या चित्रात माणूस कुठे आहे?

शहापूर-मुरबाडला समुद्र नाही. तरीही पर्यावरणाची चित्रकला स्पर्धा निघाली की आमची पोरे देवमासा काढतात आणि प्लास्टिकची पिशवी गिळणारे कासव काढतात. खाली लिहितात, ‘समुद्र वाचवा’. पोरांना आम्ही दोष देत नाही. कासव खरोखरच पिशवीला जेलीफिश समजून गिळते. २०१८ साली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले दिसली तेव्हा आनंद आम्हालाही झाला. आमचा प्रश्न एवढाच, की या चित्रांत माणूस कुठे आहे?

समुद्र शहापुरातून किती लांब आहे, हे एकदा पाण्याच्या वाटेने मोजून पाहावे. तानसाचे धरण १८९२ चे. पुढे वैतरणा आली, भातसा आली. मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसातून जाते. ज्यांच्या जमिनी धरणांत गेल्या त्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. तेच पाणी मुंबईत वापरून, मैला होऊन, वरळी-वांद्र्याच्या नळांतून समुद्रात सोडले जाते. मुरबाडची काळू भातसाला पोटात घेऊन उल्हासला मिळते आणि वाटेतली घाण खाडीत नेते. म्हणजे समुद्राची गोष्ट आमच्याच शिवारात सुरू होते.

आणि मधली गटारे कोण साफ करतो? तुंबलेल्या गटारात उतरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला. तरीही माणसे गुदमरून मरतात, म्हणून तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मृताच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. किनाऱ्यावरचे प्लास्टिक वेचणाऱ्या बाईचीही हीच कथा. कासवाच्या गळ्यातला दोरा रंगवणाऱ्या शहरी चित्रकाराला ही माणसे दिसत नाहीत, की दिसूनही नकोशी वाटतात? महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. १९२७ साली बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले.

वेगळे चित्र काढता येत नाही, असे कुणी म्हणू नये. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा माशे (२०११ चे पद्मश्री, २०१८ साली निधन) यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे जगभर गेली. त्यांत जाळे आहे, मासे आहेत आणि जाळे टाकणारा इवलासा माणूसही आहे. त्याला वगळून पाणी रंगवावे, असे त्यांना वाटले नाही. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते.

शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. पुढच्या वेळी हा विषय देताना पोरांना तानसाची जलवाहिनी दाखवा. समुद्राच्या चित्रात एखाद्या पोरीने हंड्यांची रांग काढली, एखाद्या पोराने गटाराच्या तोंडातून वर येणारा बाप काढला, तर ‘विषय सोडून काढले’ म्हणून परीक्षकांनी ते चित्र बाद करू नये.