'सोलेशियम' म्हणजे दिलासा नव्हे

भूसंपादनाच्या निवाड्यात एक रकाना असतो. इंग्रजी निवाड्यात त्यावर 'सोलेशियम' असा मथळा असतो, मराठीत 'दिलासा रक्कम'. माकणीचे निम्न तेरणा धरण, परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव, दोन राष्ट्रीय महामार्ग आणि आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग, एवढ्यांसाठी धाराशिव जिल्ह्यातील जमिनी गेल्या. परंतु या रकान्याचा अर्थ जमीन देणाऱ्यास समजावून सांगणारा क्वचितच भेटतो.

शब्द मुळचा लॅटिन, अर्थ सांत्वन. स्कॉटलंडच्या कायद्यात मानसिक क्लेशाबद्दल मिळणाऱ्या भरपाईस हे नाव आहे. सर्वसामान्य इंग्रजाच्या बोलण्यातही तो आढळावयाचा नाही. वकिलांच्या दालनातील तो शब्द आहे. आणि गंमत अशी की 1894 च्या भूसंपादन कायद्यात तो नव्हताच. कलम 23 मध्ये एवढेच म्हटले होते की, संपादन सक्तीचे आहे हे लक्षात घेऊन बाजारभावावर शेकडा 15 अधिक द्यावेत. या अधिकाला 'सोलेशियम' म्हणण्याचा प्रघात न्यायालयांतून पडला. 1984 च्या दुरुस्तीने शेकडा 15 चे 30 झाले, आणि 2013 च्या नव्या कायद्याने शेकडा 100 करून हा शब्द कलम 30 मध्ये घातला.

मूळ कारण 'सक्ती' हे आहे, दुःख नव्हे. बाजारभाव म्हणजे राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा यांच्यात ठरलेला भाव. एकाची राजीखुशी काढून घेतली की तो भाव अपुरा ठरतो. त्याच जुन्या कायद्याच्या कलम 24 ने मालकाची अनिच्छा भाव ठरविताना विचारात घेण्यास स्पष्ट मनाई केली होती. म्हणजे नकाराचा अधिकार नाही, नकाराची किंमतही बाजारभावात धरावयाची नाही; ती या वेगळ्या टक्केवारीत द्यावयाची. सोलेशियम ही हिरावून घेतलेल्या संमतीची किंमत आहे.

'दिलासा' या भाषांतराने नेमके हेच झाकले जाते. दिलासा देणे वा न देणे देणाऱ्याच्या मनावर असते. 1993 च्या भूकंपानंतर सास्तूर परिसराला 'सानुग्रह अनुदान' हा शब्द चांगलाच परिचित झाला. तेथे अनुग्रह होता, कारण भूकंप सरकारने घडविला नव्हता. धरण सरकार बांधते. त्यापेक्षा मराठवाड्यात रूढ असलेला 'मावेजा' हा शब्द कितीतरी प्रामाणिक: 'ऐवज' ज्या अरबी धातूपासून आला त्याच धातूपासून तोही आला, अर्थ, बदल्यात दिलेले.

हा शब्दच्छल आहे असे कोणास वाटेल, तर त्याने न्यायालयातील लढाई पाहावी. विलंबित मावेजावर पहिल्या वर्षी शेकडा 9 आणि पुढे 15 व्याज देणे जुन्या कायद्याने बंधनकारक होते. सोलेशियम हा मावेजाचा भाग नव्हे, म्हणून त्यावर व्याज नाही, असा युक्तिवाद सरकारपक्ष वर्षानुवर्षे करीत राहिला. 2001 मध्ये सुंदर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो फेटाळला.

त्याहून मोठा अन्याय महामार्गांचा. 1997 च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या संपादनातून सोलेशियम वगळले गेले. धरणात जाणाऱ्या जमिनीस शेकडा 30, आणि नळदुर्ग-उमरग्यावरून वा तुळजापूर-येडशीवरून जाणाऱ्या महामार्गात गेलेल्या जमिनीस शून्य, असा हा न्याय! सक्ती मात्र दोन्हीकडे सारखीच. नवा कायदा महामार्गांस 1 जानेवारी 2015 पासून लागू झाला. मधल्या काळातील हा भेद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा निर्णय तरसेम सिंग खटल्यात 2019 मध्ये लागला. तो केवळ पुढील काळापुरता धरावा ही महामार्ग प्राधिकरणाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये अमान्य केली.

आता शेकडा 100 मिळतात हे खरे, पण कशाचे? मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात किंमत कमी दाखविण्याची आपली जुनी रीत आहे, आणि संपादनाचा भाव अशाच खरेदीखतांवरून काढला जातो. भूम-परंड्याच्या कोरडवाहू वावराचा भाव एकरी 1 लाख धरला गेला, तर सोलेशियमही त्याच्याच मापाने. भाव 3 लाख सिद्ध झाला, तर तेही तिप्पट. म्हणून लढा टक्केवारीपेक्षा मूळ भावाच्या पुराव्यावर दिला पाहिजे, आणि रक्कम उचलताना 'हक्क राखून स्वीकारली' असे लिहून देण्यास विसरता कामा नये.

शिवाय हा रकाना सातबाऱ्यावरील नावापाशीच थांबतो. त्याच वावरात राबणाऱ्या सालगड्याला नवा कायदा 'बाधित कुटुंबा'त मोजतो; संपादनापूर्वी तीन वर्षे त्याची उपजीविका त्या जमिनीवर होती एवढे सिद्ध झाले म्हणजे पुनर्वसनाचे लाभ त्याला मिळू शकतात. सोलेशियम मात्र नाही. आणि ती तीन वर्षे सिद्ध करणारा कागद त्याच्यापाशी नसतो.