एक्सप्लेनर : लक्षणं नाहीत म्हणजे संसर्ग नाही? गैरसमज महागात पडेल

'गुप्तरोगावर हमखास इलाज' अशा जाहिराती रेल्वेलगतच्या भिंतींवर आजही दिसतात. लोक लाजेपोटी दवाखाना टाळतात, त्यावरच हा धंदा चालतो.

बरं काय होतं?
सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनियासिस हे चार संसर्ग योग्य औषधांनी बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटात जगभरात यांचे रोज १० लाखांहून अधिक नवे संसर्ग होतात. एचआयव्ही आणि हर्पिस पूर्ण बरे होत नाहीत, पण औषधांनी आटोक्यात राहतात. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीवर लस आहे.

धोका कुठे?
अनेकांना काहीच त्रास जाणवत नाही. सिफिलिसची जखम दुखत नाही, आपोआप भरते. आजार मात्र शरीरात राहतो. गर्भवतीकडून तो बाळालाही होऊ शकतो. क्लॅमिडियाकडे दुर्लक्ष केल्यास वंध्यत्व येऊ शकतं.

काय कराल?
- प्रत्येक वेळी कंडोम वापरा.
- शंका असेल तर तपासणी करा. सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये समुपदेशन आणि उपचार मोफत मिळतात. एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७ हा टोल फ्री क्रमांक आहे.
- मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. गनोरियाचे जंतू अनेक औषधांना दाद देईनासे झाले आहेत.
- जोडीदारालाही सांगा. एकानेच गोळ्या घेतल्या तर संसर्ग पुन्हा होतो.

हे सांगणं अवघड आहे. पण न सांगण्याची किंमत दोघांनाही मोजावी लागते.